मागच्या रांगेतला दादा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज चारशे माणसं जन्माला घातली. तीही जेवायच्या सुट्टीआधी!

जांभळ्या पक्षाच्या शनिवारच्या सभेचे फोटो आले. मैदान अर्धं रिकामं. पुढे खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, आणि त्यामागे नुसतं गवत. प्रचाराचं काम बघणारे साहेब स्वतः दुकानात आले होते. इतकं गोड बोलतात की मी मनातल्या मनात त्यांचं नाव साखरपेरे ठेवलंय. म्हणाले, "गर्दी होतीच हो. कॅमेऱ्यात मावली नाही, एवढंच." मालक हसले. मग मी गवतावर माणसं पेरायला बसले.

माझ्या कॉम्प्युटरवर 'डोकी' नावाचा फोल्डर आहे. आमच्या छपाईच्या दुकानात लग्नांचे, शाळांच्या संमेलनांचे, उद्घाटनांचे फोटो येतात. त्यातली कामाची माणसं कापून मी बाजूला ठेवते. हसणारी, हात वर केलेली, वर बघणारी. तीनशे चाळीस झालीत. डावी-उजवी उलटवली की दुप्पट. चष्मा चढवला की तिप्पट. मागे मागे जाऊ तशी लहान करायची, जरा धूसर करायची. धूसर माणसाला कोणी नाव विचारत नाही.

गर्दी कशाला लागते हे मला कोणी शिकवलं नाही, काम करता करता कळलं. एकटा माणूस विचार करतो. आजूबाजूला चारशे जण हात वर करून उभे दिसले की त्याचाही हात शिवशिवतो. टूथपेस्टवाले हेच 'लाखो घरांची पसंती' म्हणून लिहितात. लाखो घरं कुणी मोजली, हे विचारायला कोण बसलंय!

सगळ्यात शेवटी, नेहमीप्रमाणे, मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा — दादा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

धुकं. बस गोगलगाईसारखी. खिडकीला डोकं टेकून अर्धी झोप काढली. थांब्याथांब्यावर जाहिराती येत होत्या आणि जात होत्या. साबणवाली बाई, विम्याचा माणूस, पिवळ्या पक्षाचा पुढारी. धुक्यात सगळ्यांचे फक्त दात दिसतात. वाटलं, काल मी केलेली चारशे माणसं काम संपल्यावर कुठे जात असतील? कपड्यांवरचं गवत झटकून अशीच एखादी बस पकडत असतील. घरी गेल्यावर कोणी विचारत असेल, कुठे होतास दिवसभर?

दादाबद्दल लिहायला हवं. कुठेच लिहिलेलं नाही.

पाच वर्षांपूर्वी बाबांशी कडाक्याचं भांडून गेला. "या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही." बाबा म्हणाले, "ठेवूही नकोस." दोघंही शब्दाला जागले! पहिल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन आला होता. मग नंबर बंद. बाबा गेले तेव्हा कळवायलासुद्धा पत्ता नव्हता.

त्याचा गच्चीवरचा एक फोटो माझ्याकडे आहे. वाऱ्याने दोरीवरचा टॉवेल उडाला, तो पकडायला त्याने हात वर केलाय आणि हसतोय. टॉवेल कापून टाकला की घोषणा देतोय असंच वाटतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गर्दी केली तेव्हा मागे एक जागा रिकामी राहिली, तिथे त्याला ठेवला. मग सवयच लागली. जांभळ्यांच्या गर्दीत दादा, पिवळ्यांच्या गर्दीत दादा, फर्निचरच्या सेलला लोटलेल्या गर्दीत दादा. पत्रकावर त्याचं डोकं मसुराच्या दाण्याएवढं येतं. माझ्याशिवाय कोणाला दिसत नाही. निदान चार माणसांत आहे असं वाटतं.

वेडेपणा आहे. असू दे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठा घोळ झाला! पत्रकाची फाईल मालकांनी मला न विचारता चौकातल्या फलकासाठी पाठवून दिली. चाळीस फुटी फलक! सकाळी बस वळली आणि समोर — उजवीकडून तिसरा — मसुराएवढा दादा ताटाएवढा झालेला. जांभळा शर्ट घालून. शर्ट मीच रंगवलाय.

मालकांना म्हटलं, मागची रांग पुन्हा करून देते, चेहरे फार स्पष्ट आलेत. "कोण बघतंय मागची रांग!" त्यांचं चुकलं नाही. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

छपाईच्या मशीनवरचे काका म्हणाले, "पोरी, फलक उतरवायला परवानगी लागते, शिडी लागते, चार माणसं लागतात. चढवायला फक्त घाई लागते."

आई त्या चौकात सहसा जात नाही. गुडघे दुखतात तिचे. नको जायला.

८ फेब्रुवारी, शनिवार

गेली.

बटणं आणि अस्तर संपलं होतं म्हणून गेली. मी घरी आले तर चपला न काढता खुर्चीत बसलेली. शिवणाचं मशीन झाकलेलं. "तो आहे," एवढंच म्हणाली. मग, "बारीक झालाय. हसतो मात्र तस्साच."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण आईचा चेहरा असा मी पाच वर्षांत पाहिला नव्हता. कोणीतरी आत दिवा लावून गेलं होतं. म्हटलं, "सारखा दिसणारा कोणी असेल गं."

"कॉलर मी शिवलेली आहे. डावं टोक जरा आखूड, कापड कमी पडलं होतं तेव्हा. चेहऱ्याला एक वेळ फसेन मी. माझ्या कॉलरला फसायची नाही."

शर्टाचा रंग वेगळा कसा, याचा उलगडाही तिनेच करून टाकला. रंगवून घेतला असेल!

रात्रीचं जेवण तिने तिघांचं केलं. उरलेलं झाकून ठेवलं. मी जेवून उठले. भित्री आहे मी.

१० फेब्रुवारी, सोमवार

आई जांभळ्या पक्षाच्या कार्यालयात जाऊन आली. एकटी! त्या जिन्याच्या चाळीस पायऱ्या चढून!

तिथे म्हणे फार चांगली वागणूक मिळाली. पाणी दिलं, खुर्ची दिली, फोटो काढला. "आई, आपले हजारो कार्यकर्ते आहेत, त्यातलाच असणार तुमचा मुलगा. तेवीस तारखेच्या मोठ्या सभेला या. सगळे येणार आहेत. तिथे भेटेलच." भेटेलच! त्यातला 'च' त्यांना फुकट पडला. आई तो घरी घेऊन आली आणि दिवसभर उराशी धरून बसलीय.

गळ्यात घालायला जांभळा रुमाल दिलाय. आईने तो उसवून पुन्हा शिवला. "शिवण कच्ची आहे यांची."

तेवीसला तेरा दिवस.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं — सरळ सांगायचं धैर्य नाही, तर वळणाने जाऊ. आईला आधी बाकीच्या जाहिरातींमधली लबाडी ओळखायला शिकवू. मग ती आपणहून चौकापर्यंत पोचेल.

शिकवू! मी कोण शिकवणारी! संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो. पांढऱ्या कोटातला माणूस दातांबद्दल बोलायला लागला. मी तोंड उघडायच्या आत आई, "हा डॉक्टर नाही. कोट नवा आहे, घडीही मोडलेली नाही. खऱ्या डॉक्टरच्या खिशाला शाई लागलेली असते." मग फरशी पुसायच्या औषधात हिरवे राक्षस नाचले. "आधी घाबरवायचं, मग बाटली दाखवायची. एवढाले जंतू असते तर झाडूनेच मारले असते." दहापैकी नऊ बायका अमुक क्रीम वापरतात. "दहावीला बोलवा. तिच्याशी बोलायचंय मला." हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

मग प्रचार. पिवळ्यांचा पुढारी मजुरांबरोबर बाकावर बसून चहा पितोय. "बूट बघ त्याचे. बाकीच्यांच्या बुटांना चिखल आहे, याचे आत्ता डब्यातून काढलेत." मग काळे ढग, ढोल, आणि जाड आवाज — 'ते आले तर तुमचं घर जाईल.' आई म्हणाली, "ते म्हणजे कोण? नाव का घेत नाहीत?" मी म्हटलं, नाव घेतलं तर समोर माणूस दिसतो, आणि माणसाची एवढी भीती वाटत नाही. "बरोबर. लहानपणी तुम्हाला झोपवताना मीही 'तो येईल' असंच म्हणायचे. कोण ते कधी सांगितलं नाही."

बायकांना साड्या विकणाऱ्या दुकानदारांशी तीस वर्षं घासाघीस केलेली बाई. तिला कसलं शिकवायचं?

हळूच विचारलं, "मग जांभळ्यांची ती गर्दी?"

"ती खरी आहे," आई म्हणाली. "त्यात तो आहे ना."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एक युक्ती सुचली होती. पिवळ्यांच्या पत्रकातही तीच गर्दी आहे. रंग तेवढा बदललाय, माणसं तीच. दोन्ही पक्षांच्या मागे तेच चारशे जण आनंदाने नाचताहेत! ते पत्रक घरी नेलं, भिंगाखाली आईसमोर धरलं. "बघ. इथेही तोच. तसाच हात, तसंच हसू, शर्ट पिवळा."

आईने बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"पक्ष बदलला असेल," म्हणाली. "लहानपणीही एका जागी बसायचा नाही."

मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बसमध्ये डोळा लागला. स्वप्नात माझी सगळी डोकी बसमध्ये चढली. सगळ्यांचे हात आधीच वर, त्यामुळे दांडीला धरायला कोणालाच त्रास नाही. कंडक्टरने विचारलं, कुठे जायचं? सगळे एका सुरात, "जिथे ठेवाल तिथे." दादा मागच्या सीटवर होता. वर बघत होता. मी खूप हाका मारल्या. तो त्या टॉवेलकडेच बघत राहिला.

जागी झाले तर दोन थांबे पुढे गेलेले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साखरपेरे आले. नवीन काम. पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. मी फोटो बाहेर काढला.

आई.

जांभळा रुमाल, पायऱ्या चढून आलेला घाम, आणि तो दिवा लावलेला चेहरा. मी तिची मुलगी हे त्यांना माहीत नाही. मालकांनाही नाही, आई कधी दुकानात आलेलीच नाही.

"काय चेहरा आहे बघा!" साखरपेरे म्हणाले. "मुलगा हरवला होता, तो आपल्यात सापडला. भाषण कोणाच्या लक्षात राहत नाही हो. आई लक्षात राहते. तेवीसला मंचावर उभी करणार, माइक हातात देणार, ती त्याला नावाने हाक मारणार. काय क्षण असेल!"

मी विचारलं, "आणि तो आलाच नाही तर?"

"तर आणखीच उत्तम. रडेल ती. त्याहून खरं काय असतं?"

ते पुढे बोलतच होते. डोळ्याखाली एक थेंब लावा, एकच, जास्त केलं की खोटं वाटतं. सुरकुत्या काढा पण सगळ्या नको. मी म्हटलं डोकं दुखतंय, आज होणार नाही. मालक म्हणाले, बरं, सोमवारी कर.

मंचावर. हजारो माणसांसमोर. माझी आई दादाला हाक मारणार आणि मागे कोणीच नसणार. मी केलेलं कोणीच नसणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. सगळं. टॉवेल, डोकी, मसूर, ताट.

आईचा हात मशीनच्या चाकावर होता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला सगळंच खोटं दिसतं. दिवसभर तेच काम करतेस म्हणून. कावीळ झालेल्याला पिवळं दिसतं तसं."

मी म्हटलं, "आई, मी ठेवलाय त्याला तिथे. माझ्या हाताने!"

"तू लहान होतीस तेव्हाही तो कुठे गेला की म्हणायचीस, मीच लपवलाय."

आणि चाक फिरवायला लागली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आई जांभळा रुमाल इस्त्री करते आहे. मी थेंब लावायला नकार दिला. मालक म्हणाले, बाहेरून करून घेऊ.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवायच्या सुट्टीत आईला दुकानात आणलं. मालक बाहेर गेले होते. मशीनवरच्या काकांनी खुर्ची दिली आणि न सांगता दार लोटून घेतलं. भला माणूस.

फलकाची फाईल उघडली. माझ्या कामात प्रत्येक माणूस वेगळ्या पापुद्र्यावर असतो, शेजारी एक लहानसा डोळा असतो. डोळा मिटला की माणूस जातो. आधी पुढची बाई घालवली. मग चष्मेवाला. मग दहा जण, मग शंभर. खालून गवत वर येत गेलं. शेवटी मागच्या रांगेत एकटा दादा उरला. रिकाम्या मैदानात हात वर करून उभा.

मी तोही डोळा मिटला.

नुसतं गवत. थोडं धुकं होतं त्या सकाळी, तेही मागे दिसत होतं.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

लावला.

"काढ."

काढला.

"लाव." असं किती वेळा, मोजलं नाही. मग तिने पुढे होऊन पडद्यावरच्या कॉलरला बोट लावलं, आखूड टोकाला. गच्चीवरचा मूळ फोटो मी शेजारी उघडला. टॉवेल. दोरी. शर्ट पांढरा. आमच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा.

आईने तो कोपरा पाहिला आणि उठली. काका म्हणाले, "ताई, चहा?" ती म्हणाली, "नको भाऊ. उशीर झाला."

बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही. पुढच्या सीटवर बसली. तिच्या मानेमागे रुमालाची गाठ दिसत होती. ती एका थांब्यावर तिने सोडली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आई बोलत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बोलली.

"ते परके होते. त्यांनी खोटं सांगितलं, ते त्यांचं कामच आहे. मी रोज टीव्हीसमोर बसून त्यांना हसते. पण तू घरची. तुला माहीत होतं, आणि आठ दिवस तू मला त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवू दिलंस."

तिने दुसरं काही म्हटलं असतं तर भांडले असते. एवढंच म्हटलं, "तुझा चेहरा पाहून हिंमत झाली नाही."

"त्यांचीही तीच अडचण असेल," आई म्हणाली. चेहरा बघतात आणि खरं सांगवत नाही, म्हणे. टोमणा होता. पण त्यानंतर तिने माझ्या ताटात वाढलं.

मग आम्ही पक्षाच्या कार्यालयात फोन केला. आई स्वतः बोलली. "मी येणार नाही. तो माझा मुलगा नाही, चित्र आहे." पलीकडून साखरपेऱ्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, "काही हरकत नाही आई, काही हरकत नाही, तब्येतीला जपा." इतकं सहज सोडतील असं वाटलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. लांबून कर्ण्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. नुसतं उठायचं आणि पडायचं, झोपेत कोणी श्वास घेतंय तसं. तेच वाक्य तीन तीनदा. शब्द न कळता नुसती चाल ऐकली की कळतं, हे पाळणा म्हणतात तसं आहे, अर्थापेक्षा हेलकावा महत्त्वाचा.

आई खिडकीशी शिवत बसली होती. मधेच म्हणाली, "ऊन आलं बघ." दोघींनी खुर्च्या उन्हात ओढल्या. खूप दिवसांनी गाढ झोप लागली, बसल्या बसल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चौकात दादा नाही. त्याच जागी आई!

चाळीस फूट. गालावर थेंब. खाली टपोऱ्या अक्षरात — 'माझा मुलगा मला इथेच सापडला.'

दुसऱ्या कोणीतरी केलंय, घाईत. उजेड डावीकडून येतोय आणि थेंब उजवीकडून चमकतोय. एवढा राग आला होता आणि तरी मला तेच दिसलं, थेंबाचा उजेड. धंद्याने माझं काय करून ठेवलंय!

काकांनी चौकशी केली. हा एवढा एकच नाही. राज्यभर लागलाय, मोठ्या रस्त्यांवर, गावोगावी.

मी आईला चौकात घेऊन गेले. लपवून काही उपयोग नव्हता, आणि आता लपवणार नाही. तिने मान मागे टाकून पाहिलं. "माझ्या सुरकुत्या कुठे गेल्या?" म्हणाली. मग, "मी असं म्हटलं नव्हतं. मी विचारलं होतं, इथे आहे का. प्रश्न होता माझा. त्यांनी उत्तर करून टाकलं."

२६ फेब्रुवारी, बुधवार

दारात रांग. खालच्या मजल्यावरच्या वहिनी फुलं घेऊन आल्या. "सापडला म्हणे! अहो, आधी सांगायचं नाही का!" दूधवाला, आईच्या शिवणाच्या गिऱ्हाइकिणी, बाबांचे जुने मित्र. प्रत्येकाला आई दारातच सांगते, "नाही सापडला." लोक हसतात. त्यांना वाटतं दृष्ट लागू नये म्हणून म्हणते. वहिनी म्हणाल्या, "एवढं मोठं छापलंय, ते काय उगीच?"

संध्याकाळी आई दमून म्हणाली, "पाच वर्षांत एवढ्या वेळा 'नाही' म्हणावं लागलं नव्हतं."

फुलं पाण्यात ठेवलीत. फुलांचा काय दोष.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी घेतली. निवडणूक कार्यालयात तक्रार दिली. माणूस सभ्य होता. "कारवाईला आठवडा लागेल." मतदान रविवारी आहे म्हटलं. "हो, म्हणजे तोवर आपोआपच उतरेल." शिक्का मारून दिला.

येताना आई चौकात उतरली. मला वाटलं, पुन्हा बघायचंय. ती फलकाच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायला लागली. ओरडून नाही, भाव विचारावा तशा आवाजात. "ही मीच आहे. मला मुलगा सापडलेला नाही. हे खोटं आहे." लोक थांबायचे. एकदा तिच्याकडे बघायचे, एकदा वर. मग पुन्हा वर. एक बाई मुलीला म्हणाली, "दिसते खरी तशी, पण ती वेगळी वाटते." एका म्हाताऱ्याने तिला समजावलं, "बाई, कोणाच्या सुखाचा असा मत्सर करू नये."

आईला हसू आलं. खरंच हसली! "बोलणाऱ्याची माती विकली जाते," म्हणाली, "आणि मी फुकट खरं वाटतेय तर कोणी घेत नाही."

तासभर उभी होती. गुडघे सुजले. मी शेजारी उभी राहून प्रत्येकाला सांगत होते, गर्दी कशी करतात, थेंब कसा लावतात, उजेड कुठून येतोय बघा. अकरा जणांनी नीट ऐकलं. अकरा. त्यातल्या एका तरुणाने वर बघून म्हटलं, "अरे हो, उजेड उलटा आहे!" आणि गेला.

रात्री गुडघे शेकताना मी म्हटलं, "आई, मला माफ कर." ती म्हणाली, "शेक नीट. चटका बसतोय." पण हात माझ्या डोक्यावर ठेवला होता तिने.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

'डोकी' फोल्डर पुसून टाकला. मालक भडकले. दादाचं डोकंही गेलं त्यात. गच्चीवरचा फोटो आहे, टॉवेलसकट. तो असू दे.

१ मार्च, शनिवार

दुपारी घरचा फोन वाजला. मी घेतला. आधी नुसता रस्त्याचा आवाज, गाड्या. मग — "मी बोलतोय." दादा.

"इथे मोठ्या रस्त्यावर आईचा फोटो लागलाय. मुलगा सापडला असं लिहिलंय."

मग अगदी हळू —

"कोण सापडला गं तिला?"

मी फोन आईच्या हातात दिला.